दोरावरची अकरावी जागा

कार्तिकातल्या त्या सकाळी सागर इतका सुंदर होता की त्याचा राग यावा. क्षितिजापासून किनाऱ्यापर्यंत एकच अखंड नीलिमा, तिच्यावर कोवळ्या उन्हाची सोनेरी झळाळी. आणि लाटा येत त्याही दबक्या पावलांनी, घरात कोणी निजले असावे तशा. माडांच्या झावळ्यांत वारा नव्हता. आभाळात ढग नव्हता. आणि पाण्यात मासा नव्हता.

शिंपणे हे बेट तसे मूठभर. मुख्य किनाऱ्यावरून पाहिले तर निळ्या पाण्यावर कोणी हिरवी वाटी उपडी घातली आहे असे वाटते. चाळीसेक घरे, गोड्या पाण्याची एक विहीर, देवीचा एक शेंदूरचर्चित पाषाण, आणि पश्चिमेला चंद्रकोरीच्या आकाराची, रजतधवल, रेशीमवाळूची पुळण. बेटाचे सारे आयुष्य त्या पुळणीवर. तिथेच जाळी वाळतात, तिथेच भांडणे होतात, तिथेच चिताही पेटतात.

आणि तिथेच रापण ओढतात. होडीने लांबलचक जाळे अर्धवर्तुळात पाण्यात सोडायचे, त्याची दोन टोके दोन दोरांनी किनाऱ्यावर आणायची, आणि मग दोन रांगांनी ते दोर ओढत, वाळूत टाचा रोवत, एकेक पाऊल मागे सरत, दर्याचा तेवढा तुकडा जमिनीवर घ्यायचा. एकेका दोरावर पंधरा माणसे. प्रत्येकाची जागा ठरलेली, बापानंतर मुलाला मिळालेली. शिंपण्यात कोणाला जमीन नाही, शेत नाही; माणसाच्या मालकीची एवढीच एक गोष्ट, दोरावरची दीड हात जागा.

दक्षिणेकडच्या दोरावर अकरावी जागा लवूची. ती दोन महिने रिकामी होती.

भाद्रपदातल्या एका पहाटे लवू गळाची मासेमारी करायला एकटाच खडपाच्या, पाण्यातल्या खडकांच्या रांगेच्या, पलीकडे गेला. दुपारी वारा फिरला. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, पालथी, तिच्यावर पाणपक्षी बसलेले. लवू सापडला नाही.

अशा माणसासाठी शिंपण्यात एक रीत आहे. दर्यावर गेलेला आणि न सापडलेला माणूस वर्षभर मेला म्हणायचा नाही. त्याचा पंचा त्याच्या जागेवर दोराला गाठ मारून बांधायचा. बांधायचा घरच्याच हाताने, आणि सोडायचाही घरच्याच हाताने. पंचा दोरावर आहे तोवर माणूस आहे. त्याच्या नावाचा वाटा घरी येतो, त्याच्या बायकोच्या कपाळावर कुंकू राहते, त्याच्याविषयी बोलताना कोणी ‘होता’ म्हणत नाही. पंचा सुटला की सुतक सुरू.

लवूचा पंचा जयवंतीने बांधला होता. बावीस वर्षांची, सडसडीत, सावळी, सागरासारख्याच खोल डोळ्यांची ती लवूची बायको. लग्नाला दोन पावसाळे झालेले. घरात ती आणि तिची सासू पूर्णाआये, अशा दोघीच. रोज सकाळी रापण ओढली जाई तेव्हा जयवंती पुळणीच्या कडेला पाटी घेऊन बसे आणि त्या पंच्याकडे पाही. निळ्या काठाचा, विटका, मिठाने कडक झालेला तो पंचा दोराबरोबर पाण्यात जाई आणि दोराबरोबर बाहेर येई. गेला आणि आला, गेला आणि आला. तिला तेवढ्याने पुढचा दिवस निघे.

तिच्या आशेला आधार नव्हता असे नाही. लवूचा एक चुलत आजा असाच वाहून गेला होता, आणि सात महिन्यांनी गुडघ्यापर्यंत दाढी वाढवून परत आला होता. दक्षिणेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावर परक्या भाषेच्या लोकांनी त्याला जगवला होता. पहिल्या आठवड्यात साऱ्या बायांनी ही गोष्ट जयवंतीला पुन्हा पुन्हा सांगितली. दाढी दर वेळी थोडी लांब होत गेली. आता त्यांना सांगितल्याचा पस्तावा होत होता, पण दिलेली आशा परत मागायची कशी, हे कोणाला ठाऊक नव्हते.

सोमवारी जाळे आले. रिकामे आले.

म्हणजे अगदी रिकामे नव्हे. शेवाळाची हिरवीकाळी लक्तरे होती, हात लागला की खाज सुटते असे थुलथुलीत पारदर्शक जलगोल होते. माणसे हसली. रापणीचा प्रमुख नागेश तांडेल, साठीचा, मृदुभाषी, रुपेरी छातीचा माणूस. तो म्हणाला की दर्या बायकोवर रुसून माहेरी गेलेला दिसतो, येईल दोन दिवसांनी. जाळे झटकले, धुतले, वाळत घातले. त्या दिवशी घरोघरी पेज झाली आणि तोंडी लावायला विनोद झाले.

मंगळवारी जाळे आले. त्यात एक खेकडा होता आणि एक चप्पल.

पुरुषाची चप्पल, डाव्या पायाची, अंगठा तुटलेली. साऱ्यांनी आधी चपलेकडे पाहिले आणि मग जयवंतीकडे. ती लवूची नव्हती. लवूने जन्मात चप्पल घातली नव्हती, आणि हे साऱ्या बेटाला माहीत होते. तरी पाहायचे ते त्यांनी पाहिलेच. कोणीतरी ती चप्पल दूर पाण्यात भिरकावली, आणि भरतीने ती संध्याकाळी पुन्हा आणून वाळूवर ठेवली.

बुधवारी जाळे आले. शुभ्र, स्वच्छ, धुतलेले आले. त्यात शेवाळही नव्हते. कोणी हसले नाही.

नील, निर्मळ, निर्दय सागर पसरला होता आणि त्याच्या काठावर एकोणतीस माणसे हात लोंबकळत ठेवून उभी होती. तेव्हा बारावा गडी हरी बोलला. तो म्हणाला की अकराव्या जागेपाशी दोर ढिला पडतो, हाताला कळते. बोलला ते खरेच होते. पंधरांचा दोर चौदांनी ओढला तर तो कुठेतरी ढिला पडणारच. यात नवल काय? पण भुकेल्या माणसाला साधे कारण पचत नाही. तासाभरात तो ढिला दोर घरोघर फिरून आला, आणि परतला तेव्हा त्याचा अर्थ बदलला होता. दोर ढिला पडतो, कारण तिथे मेलेला माणूस उभा आहे. मेलेल्याची जागा जिवंत ठेवली म्हणून दर्या चिडला आहे. मासा येतो, पण त्या एका जागेतून निसटून जातो.

संध्याकाळी जयवंती विहिरीवर गेली. बायांची रांग होती. तिला पाहताच रांग बाजूला झाली. घे गो, तू आधी भर, असे त्यांनी तिला खुणेने सांगितले. शिंपण्यात असा मान फक्त सुतक असलेल्या घरच्या बाईला देतात. जयवंतीच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आले तेव्हा तिने भरलेली कळशी तिथेच ओतली, रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आणि अंधार पडेपर्यंत तिचा नंबर आला नाही.

गुरुवारी जाळे आले. त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेही नाही. सारे देवीकडे गेले.

तिथे कौल लावला. पाषाणावर दोन ओल्या फुलकळ्या चिकटवायच्या. उजवी गळाली तर माणूस जिवंत, डावी गळाली तर मृत. धूप पेटला, घंटा वाजली, रक्तवर्णी शेंदरावर त्या दोन शुभ्र कळ्या चिकटून बसल्या. आणि बसूनच राहिल्या. सूर्य माथ्यावर आला, मुले कंटाळली, धूप विझला. दोन्हींपैकी एकही कळी गळाली नाही. देवीला ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून सांगायचे नसावे. तिलाही काही लाज असेलच. शेवटी म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी म्हणाले की देवी गप्प आहे म्हणजे तिची संमती आहे. कशाला संमती, हे कोणी विचारले नाही.

जयवंती मात्र हरखून घरी आली. डावी कळी गळाली नाही, डावी कळी गळाली नाही, असे ती सासूला तीनदा म्हणाली. पूर्णाआये पेजेचे भांडे बोटाने निपटत होती. तिने मान वर केली नाही.

शुक्रवारी नागेश तांडेल स्वतः आला. पायरीवर बसला, पाणी प्याला, पूर्णाआयेच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता; राग असता तर जयवंतीला बरे वाटले असते, कारण रागाशी भांडता येते. तो गोडपणे, दुखऱ्या जागेवरून हात फिरवावा तसा बोलला. सात-आठ घरांत तांदूळ संपला आहे, नाचणीही दोन दिवसांची. मुख्य किनाऱ्यावर न्यायला मासाच नाही, तर तिकडून आणणार काय? लवू त्याच्याही मांडीवर खेळलेला. त्यालाही हे बोलताना सुख होत नाही.

“जयू, ती जागा रिकामी नाय गो,” तो म्हणाला. “ती मेल्ल्याची जागा आसा. मासो थंयसून सुटता.”

“मेलो म्हणान कोणी बघितला?”

नागेशने तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

मग जयवंतीने आपल्याजवळ होते नव्हते ते त्याच्यापुढे ठेवले. जागा रिकामी वाटत असेल तर त्या जागेवर ती स्वतः उभी राहील. वर्ष संपेपर्यंत राहील. लवूएवढेच ओढील. वाटाही नको, फक्त पंचा राहू दे. बोलता बोलता तिने हात पुढे केले, तळवे वर करून. पाणी वाहून आणि जाळी विणून ते कोणाही गड्याच्या हाताइतकेच टणक झाले होते. नागेशने ते हात पाहिले. त्याला ती विनंती आवडलीसुद्धा असावी. पण बाईने दोराला हात लावायचा नाही, ही रीत पंच्याच्या रीतीहून जुनी होती, आणि एक रीत राखायला दुसरी मोडायची एवढी हिंमत त्या भल्या माणसात नव्हती. तो नाही म्हणाला आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी शिंपण्यात कोणाला ठाऊक नव्हती आणि पुढेही कधी होणार नव्हती. त्याच शुक्रवारी, नागेश तांडेल पायरीवरून उठत होता त्या वेळी, दक्षिणेकडे दूर, हिरव्या शीतल अंधारात, बांगड्यांचा एक अफाट थवा वळला. पाण्याचा प्रवाह बदलला होता, म्हणून वळला. लक्ष लक्ष चंदेरी पोटे, लक्ष लक्ष निळ्या पाठी, निःशब्द, निर्हेतुक, एका अंगाने वळल्या आणि शिंपण्याच्या दिशेने निघाल्या. त्यांना लवू माहीत नव्हता. त्यांना पंचा माहीत नव्हता. त्यांना पोचायला दोन दिवस लागणार होते.

शनिवारी जाळे आले. आले तसे गेले. त्या दिवशी कोणी जयवंतीशी बोलले नाही. वाटेत समोरून येणारी माणसे माडाआड होत. शेजारच्या घरातून भुकेलेले तान्हे दिवसभर रडत होते. रडून रडून त्याचा आवाज बसला, आणि मग तो न येणारा आवाज जास्त ऐकू येऊ लागला. जयवंतीने कानांवर हात ठेवले नाहीत. तिने तो सारा ऐकला. आपण एका माणसाला धरून ठेवतो आहोत आणि त्यापायी एक बेट उपाशी आहे, असे सारे म्हणत होते. आणि सारे म्हणतात म्हणून तिलाही क्षणभर ते खरे वाटले. त्या क्षणाची तिला फार भीती वाटली.

रविवार उजाडला. पूर्वेला केशर फुटले, पश्चिमेला पाणी जांभळे, नभ गुलाबी, पुळण मोतिया. सारी सृष्टी नव्या नवरीसारखी नटून उभी. जयवंती जागी झाली तेव्हा शेजारची सासूची चटई रिकामी होती.

ती धावत पुळणीवर आली. दोर वाळूवर पसरलेला. एकोणतीस माणसे उभी, एकही जण हलत नव्हता. आणि अकराव्या जागेपाशी पूर्णाआये वाळूत बसली होती, पाय पसरून, पांढरे केस मोकळे. दातांनी गाठ सोडत होती. मिठाने दगड झालेली ती गाठ. बोटांना सुटेना म्हणून म्हातारीने तोंड लावले होते. जयवंती पोचायला आणि गाठ सुटायला एकच वेळ झाली.

जयवंतीने पंच्याचे दुसरे टोक धरले. क्षणभर त्या दोघी एका विटक्या कापडाच्या दोन टोकांना होत्या, आणि मधे सागर चमकत होता.

“तुजो तो दोन वर्सांचो घोव,” पूर्णाआये म्हणाली. “माजो तीस वर्सांचो झील. सोडूचो हक्क माजो.”

जयवंतीच्या हातून कापड सुटले. म्हातारीने त्याची घडी घातली, चार पदरी, नीटनेटकी, आणि ती पोटाशी धरून ती उठू लागली. तिला उठता येईना. कोणी हात दिला नाही. हात द्यायचा तर त्या घडीजवळून द्यावा लागला असता.

पण जयवंती मुकाट्याने रडत घरी जाईल असे ज्यांना वाटले, त्यांना ती ओळखीची नव्हती. ती नागेश तांडेलपुढे जाऊन उभी राहिली. सुकलेले ओठ, विस्कटलेली वेणी, पेटलेले डोळे. साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

“आज रापण रिकामी इली, तर गाठ परत बांधूची. मगे वरस सरासर कोणी शब्द काढूचो नाय.”

नागेशने रांगेकडे पाहिले. रांगेने माना डोलावल्या. न्याय्यच होते ते. गाठ सुटली आणि मासा आला तर लवू मेला. गाठ सुटूनही मासा नाही आला तर लवूचा काही दोष नव्हता, आणि वर्ष त्याचे होते. देवीने दिला नाही तो कौल आता दर्याने द्यायचा.

“कबूल,” नागेश म्हणाला.

होडी गेली. जाळे सुटत गेले, नीलजलावर बुचांची ठिपक्यांची ओळ वळत गेली, वळत गेली, आणि उत्तरेकडच्या टोकाला येऊन मिटली. दोर ताणले. आणि चाळीस घरांच्या साऱ्या बायका, सारी म्हातारी माणसे, सारी मुले पुळणीवर येऊन हात जोडून उभी राहिली. भर दे, माये, भर दे. जाळे भर. पाटी भर. पोट भर.

त्या साऱ्या प्रार्थनांच्या मधोमध एकटी जयवंती उलटी प्रार्थना करत होती. रिकामे येऊ दे. माये, रिकामे येऊ दे. शेवाळ येऊ दे, दगड येऊ दे, काहीच न येऊ दे. तान्हे रडते आहे, रडू दे. मी उपाशी आहे, असू दे. असले मागणे पाप आहे हे तिला कळत होते. तिने ते मागितले. पुन्हा मागितले. आयुष्यात तिने कधी काही इतके मनापासून मागितले नव्हते.

दोर येऊ लागला. पहिली शंभर पावले हलका आला, आणि तिच्या काळजात उजेड पडला. आणखी पन्नास पावले आला. मग अचानक दोर थांबला.

थांबला, आणि एकोणतीस माणसांच्या एकोणतीस पाठी एकदम वाकल्या. दूर, जाळ्याच्या पोटात, पाण्याचा रंग बदलला. निळ्याचा काळा झाला, काळ्याची थरथर झाली, थरथरीतून एक चांदीचे पाते उडाले आणि पडले. मग दहा उडाली. मग पाणीच उकळू लागले. वरती, आत्तापर्यंत कोऱ्या असलेल्या आभाळात, कुठून कोण जाणे, शुभ्रपंखी पाखरांचा कोलाहल दाटला. बायांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो आनंदाचा होता की रडण्याचा, हे त्यांनाही सांगता आले नसते.

जयवंती उभ्या जागी गार पडली.

पण मासा जाळ्यात आला म्हणजे वाळूवर आला असे नव्हे. इतके वजन त्या दोरांनी वर्षात पाहिले नव्हते, आणि ओढणारे हात सहा दिवसांचे उपाशी होते. उत्तरेकडची रांग तग धरून होती. दक्षिणेकडची सरकू लागली. चौदा माणसे, एकेक वीत, पाण्याकडे. अकराव्या जागेवर आता पंचाही नव्हता. तिथे दोर खरोखरच ढिला पडला आणि हरीच्या हातातून सळसळत सुटू लागला. नागेश मोठ्याने ओरडला. त्या रांगेला आणखी एक माणूस हवा होता, एकच. आणि जाळे निसटले असते तर त्यात जे होते ते सारे आल्या वाटेने परत गेले असते.

दोर जयवंतीपासून तीन पावलांवर होता. साऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. परवा नको असलेले तिचे हात आज साऱ्यांना दिसत होते. तिने ते पाठीमागे घेतले. सुटू दे, ती मनात म्हणाली. माये, सुटू दे.

तेवढ्यात पूर्णाआयेने तो दोर धरला.

सत्तर वर्षांची, काटकुळी, सहा दिवसांच्या पेजेवरची ती म्हातारी लेकाच्या जागेवर गेली आणि तिने दोराला मिठी मारली. दोराने तिला लगेच पाडले. पाडले आणि ओल्या वाळूवरून, शिंपल्यांवरून, फरफटत पाण्याकडे नेऊ लागला. बाकीचे हात अडकलेले. सोडावे तर सारेच जाणार. जयवंती धावली. तिला म्हातारीला दोरापासून तोडायचे होते, एवढेच. तिने तिच्या कमरेला धरून ओढले, तिची बोटे उचकटली, पण ती बोटे सुटेनात. रात्रभर गाठीशी झगडलेली ती बोटे स्वतःच गाठ झाली होती. तेव्हा जयवंतीने म्हातारीच्या पुढे होऊन दोर धरला.

धरला, आणि टाचा वाळूत रोवल्या. दोर थांबला.

आता सोडता आला असता. म्हातारी मागे सुखरूप होती. जयवंतीला ते कळत होते. डोक्यात लख्ख कळत होते. पण हाताला दोराचा जड, जिवंत धडधडाट लागला होता, आणि मागून-पुढून चौदा छात्यांचा एकच हुंकार उठला, आणि तिचे पाऊल मागे पडले. मग दुसरे पडले. म्हातारीसाठी म्हणा, तान्ह्यासाठी म्हणा, सहा दिवस जळणाऱ्या स्वतःच्या पोटासाठी म्हणा. कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते. ती ओढत होती. दात खाऊन, तळहात सोलवटून, लवूच्या जागेवर उभी राहून, लवूच्या जोराने, ती लवूचे मरण एकेक पाऊल किनाऱ्याकडे आणत होती. आणि मनात अजून म्हणत होती, रिकामे येऊ दे.

जाळे आले. भरून आले.

पुळणीवर चांदी फुटली. गुडघ्याएवढा बांगड्यांचा ढीग, तडफडणारा, लखलखणारा, सूर्याला तुकड्या-तुकड्यांनी आकाशात परत फेकणारा. माणसे त्यात लोळली, हसली, एकमेकांच्या गळ्यात पडली. बाईने दोराला हात लावला, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात आले असेल तर गिळून टाकले. भरल्या जाळ्यापुढे रीतीला कोण विचारतो?

आणि मग सारे तिच्याशी चांगले वागू लागले. काल माडाआड होणारी माणसे जवळ आली. विहिरीवरच्या बायांनी तिला मधे घेतले, तिच्या पाठीवरून हात फिरवले, खवल्यांनी चिकट झालेले हात, प्रेमळ हात. उद्या सकाळी आम्ही येऊ, त्या हळूच म्हणाल्या, सगळे नीट करू, तू घाबरू नको. नागेश तांडेलने पहिली पाटी भरली ती तिची. भरताना त्याचे डोळे खरेच पाणावले होते.

“लवूनच धाडल्यान गो हो मासो,” तो म्हणाला.

जयवंतीने पाटी डोक्यावर घेतली. त्यातले मासे अजून हलत होते.

संध्याकाळी शिंपण्याच्या चाळीस छपरांतून चाळीस धूर निघाले. वारा नव्हता, ते धूर सरळ वर गेले आणि माडांच्या शेंड्यांवर एकमेकांत मिसळले. शेजारचे तान्हे निजले होते. सुतकात मासा शिजवत नाहीत. पण घरात दुसरे काही नव्हते, आणि सुतक उद्यापासून धरायचे असे पूर्णाआयेने कोणाला न विचारता ठरवून टाकले होते. चुलीच्या निखाऱ्यांवर तिने मीठ चोळलेले बांगडे ठेवले. कातडी तडतडली, तेल निखाऱ्यावर गळाले, आणि त्या खमंग वासाने घर भरून गेले.

जयवंती भिंतीला टेकून बसली होती. खाणार नाही, असे तिने ठरवले होते. पानात बांगडा पडला तेव्हा तिने तोंड फिरवले. तोंडाला पाणी सुटले, आणि त्या तोंडाची तिला इतकी किळस आली की वाटले, दोराने तळव्यांची सोलली तशी याचीही साल काढून टाकावी. मग हात पुढे झाला. सोललेल्या तळहाताला मीठ झोंबले. तिने घास घेतला.

मासा गोड होता.

इतका गोड मासा वर्षात आला नव्हता. तिने काटा सोडवला, दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, डोके चोखले, शेपटी चोखली. पानात काटेच उरले. पूर्णाआये चुलीपुढून तिच्याकडे बघत होती, चिमट्यात दुसरा धरून, विचारायचे धैर्य न होऊन.

“आणखी एक घाल, आये,” जयवंती म्हणाली.

म्हातारीने घातला. स्वतःलाही घेतला. दोघी समोरासमोर बसल्या, एकमेकींकडे न बघता, मान खाली घालून, काटे बाजूला काढत जेवत राहिल्या. आणि जयवंतीच्या मनगटातला हिरवा चुडा, उद्या सकाळपर्यंतचा, दर घासाला वाजत राहिला, हळू, स्पष्ट, घासाघासाला, पोट भरेपर्यंत.